मेंदूतलं तांबं

ताईच्या आजारावर गावाने जे नाव चिकटवलं, त्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

नागभीडजवळ आमचं मासेमारांचं घर. ताई जाळं विणायची, आणि तिच्या गाठी इतक्या पक्क्या की बाबा दुसऱ्या कोणाच्या हातचं जाळं तळ्यात टाकत नसत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिचा उजवा हात थरथरायला लागला. मग चालताना झोक जाऊ लागला, जीभ अडखळू लागली, बोलताना लाळ गळू लागली. दिवस मोहफुलांचे, घरोघरी दारू गाळायचे होते. "पोरगी मोहाची घेऊन राह्यली," असं गावभर झालं. बायका बोलायच्या निमित्ताने जवळ येऊन तिच्या तोंडाचा वास घेत. वास कधीच आला नाही, तरी कोणाचं मत बदललं नाही.

ब्रह्मपुरीच्या एका डॉक्टरने तर कमाल केली. खुर्चीतून न उठता म्हणाला, "नाटकं आहेत सगळी. लग्न करून द्या, हात थांबेल." हा शिकलेला माणूस. आजीचा उपाय निदान मायेचा होता. तिने ताईच्या मनगटात तांब्याचं कडं घातलं आणि तांब्याच्या लोट्यात रात्रभर ठेवलेलं पाणी ती रोज सकाळी समोर उभं राहून तिला प्यायला लावायची.

अशी दोन वर्षं गेली. मग तालुक्याच्या दवाखान्यात नव्या आलेल्या डॉक्टरीणबाईंनी ताईच्या डोळ्यात बॅटरी मारली. बुबुळाच्या कडेला तपकिरी गोल दिसला. त्यांनी तडक नागपूरला मेंदूचा एमआरआय काढायला पाठवलं.

तिथे आधी साबण लावून कडं काढलं. मग मशीनवाल्याने ताईला त्या नळकांड्यात सरकवलं आणि दरडावलं, "अजिबात हलायचं नाही." हलणं थांबवता आलं असतं तर आम्ही नागपूरला झक मारायला आलो होतो का? फोटो पुसट आला, तेव्हा तोच मला विचारतो, "दारू-बिरू घेते का ही?" मी त्याला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी झोपेचं इंजेक्शन देऊन पुन्हा फोटो काढला.

मोठ्या डॉक्टरांनी तो उजेडाच्या काचेवर लावला. मेंदूत खोल, हातापायांच्या हालचाली सांभाळणाऱ्या जागी, दोन्ही बाजूंना पांढरे डाग होते. जेवणातून पोटात जाणारं तांबं तिच्या शरीराला बाहेर टाकता येत नव्हतं. ते आधी यकृतात आणि मग मेंदूत साठत गेलं होतं. लोट्याचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "जन्मजात आहे," ते म्हणाले. "आई आणि बाप, दोघांकडून आल्याशिवाय होत नाही. औषध जन्मभर घ्यावं लागेल. पण उशीर केलात तुम्ही. हात कितपत सुधारेल, सांगता येत नाही."

उशीर आम्ही केला म्हणे. मला त्या ब्रह्मपुरीच्या खुर्चीची आठवण झाली.

घरी आलो तर फोटो बघायला सगळे भावकीतले जमले. आजारावरचं दारूचं नाव सुटलं, पण आता नवीन सुरू झालं. फोटो खालीवर करत आजी सगळ्यांसमोर म्हणाली, "आमच्या घरान्यात असं कोनालेच नाई. हे सुनेच्या माहेरचं दुखनं. तिनंच आनलं." माना डोलल्या. दोघांकडून, असं मी ओरडून सांगितलं, पण माझं कोण ऐकतो? बाबाही भिंतीकडे बघत बसले, त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

आई ताईला औषधाची गोळी देत होती. आमच्याकडे मामाची पोरगी करतात; आई ही आजीच्या सख्ख्या भावाची लेक. लग्नापासून तिने सासूला कधी उलट शब्द दिला नव्हता. ताईने पाणी गिळेपर्यंत ती थांबली, तिचं तोंड पदराने पुसलं आणि आवाज न चढवता म्हणाली, "आत्या, माह्यं माहेर तेच तुमचं माहेर होय."