चिठ्ठीत न निघालेलं घर

नागपूरहून कोंढ्याला मी काही हौसेनं फिरायला गेले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. वैशालीचा फोन आला, "गाडी काढशील का? एकटीनं जाववत नाही." ती माझी कॉलेजची मैत्रीण, आता दुसऱ्या एका शहरात पोलिस अधिकारी. तिला घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून का-कू न करता निघाले.

जाणार असाल तर सकाळी निघा. भंडाऱ्यापर्यंत रस्ता झकास. तिथे तर्री-पोहे खा, तीस रुपयांत पोट भरतं. पुढे पवनीच्या रस्त्याला मात्र सावकाश, धानाचे ट्रॅक्टर मध्येच आडवे येतात. वैशालीनं पोह्यांना हातही लावला नाही. गाडीत बसल्यावर बोलायला लागली.

मारहाणीची तक्रार आलेल्या घरी पोलिसांनी आठवड्याभरात पुन्हा जाऊन विचारपूस करायची, अशी तिची कल्पना. त्यानं खरंच फरक पडतो का, ते तपासायला निम्म्याच घरी जायचं ठरलं. वशिला नको म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. फरक पडला, चांगलाच पडला. पण कोंढ्याहून लग्न होऊन वैशालीच्या शहरात आलेल्या शालूचं घर न जायच्या घरांत निघालं. नवऱ्यानं तिला जिवे मारलं. आम्ही तिच्या आईकडे चाललो होतो.

आईनं आम्हाला ओसरीवर बसवलं, दोघींपुढे चहा ठेवला. मग शांतपणे विचारलं, "माह्या पोरीनं तक्रार केली होती न? मंग तिच्या घरी काहून नाही गेले?"

वैशालीनं काहीच लपवलं नाही. आई ऐकत राहिली.

"चिठ्ठी कोणं काढली?"

"मीच, काकू."

"तुमाले शिकाले माहीच पोर सापडली काय?"

एवढं बोलून तिनं वैशालीसमोरचा भरलेला कप उचलला आणि आत नेला. माझा तसाच राहिला. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नव्हतं. बराच वेळ वाट पाहिली, ती काही बाहेर आली नाही.

परतताना मी चिडलेच. म्हटलं, माफी मिळेल असं वाटलं होतं का तुला?

"नाही गं. आता आम्ही सगळ्याच घरी जातो. ते कोणाच्या पोरीमुळे, हे त्या आईला कळायला नको?"

घरी येऊन आठवडा झाला. वैशालीचं काम चांगलं आहे, त्यानं बायका वाचताहेत, हे मी कुणालाही ठासून सांगेन. त्या ओसरीवर बसून मात्र मला ते सांगता येणार नाही.