पाहुण्याने दिलेला शब्द

जर्मनीतल्या आमच्या लुडविग्सहाफेनच्या मराठी मंडळाला एक खोड आहे. गणपतीत कोणीतरी स्थानिक पुढारी बोलवायचा आणि त्याने तोंड उघडायच्या आधीच खांद्यावर शाल टाकून, हातात नारळ देऊन मोकळं व्हायचं. सत्कार आधी, कर्तृत्व मागाहून. मी दरवर्षी कुरकुरते. मोदक मात्र मीच वळते.

गेल्या निवडणुकीआधी आलेला उमेदवार चांगला उंचापुरा होता. नारळ कसा धरायचा ते न कळून त्याने तो तान्ह्या बाळासारखा कुशीत घेतला आणि कोळसा बंद, धूर बंद, तुमच्या मुलांना स्वच्छ हवा, असं सगळं देऊन टाकलं. माझी लेक तेव्हा शाळेत होती. शुक्रवारी वर्ग बुडवून हवामानाच्या मोर्च्याला जायची, खोलीभर रंगवलेले पुठ्ठे. ती उठली आणि तिने विचारलं, "नक्की कधी?" त्याने साल सांगितलं, वर तिच्याशी हात मिळवला. घरी येईपर्यंत पोरीचे पाय जमिनीवर नव्हते.

"अगं, निवडणूक आहे. आत्ता चंद्र मागितलास तरी हो म्हणतील," मी म्हटलं.

तिला मराठी कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. "पण आई, त्याने शब्द दिलाय!" म्हणाली आणि दार आपटून खोलीत गेली.

मी इथल्या एका कारखान्यात मालवाहू बोटींचं वेळापत्रक बघते. उन्हाळ्यात ऱ्हाईन अशी आटते की बोट अर्धी रिकामी पाठवावी लागते, नाहीतर तळ घासतो. तेव्हा हवामान मला कोणी समजावून सांगायला नको. माझा विश्वास नव्हता तो पुढाऱ्यांवर. तरी खरं सांगते, या एका बाबतीत मी तोंडघशी पडावं असं मला फार वाटत होतं. तिच्यासाठी.

कसलं काय! तो निवडून आला. आधी मुदत पुढे गेली, मग "वास्तववादी व्हायला हवं" सुरू झालं, मग तो विषयच बोलण्यातून गेला. लेक त्याला ईमेल करायची, साचेबंद उत्तरं यायची. हळूहळू पुठ्ठे तळघरात गेले.

यंदा तो पुन्हा आला. पुन्हा शाल. लेक आता मतदार झालीय, म्हणून मंडळाने नारळ तिच्याच हातून दिला. तिने हसून दिला, फोटोला उभी राहिली, भाषणानंतर टाळ्याही वाजवल्या. कोणाला काही विचारायचंय का, असं त्याने म्हटलं तेव्हा मी मान वळवून तिच्याकडेच बघत बसले. ती मोबाइल बघत होती.

गाडीत मला राहवेना. "अगं, जाब का नाही विचारलास त्याला?"

"एगाल," ती म्हणाली. म्हणजे, काय फरक पडतो.

"भांड ना गं त्याच्याशी!" मी जवळजवळ ओरडलेच. "निदान माझ्याशी तरी भांड!"

तिने सीटबेल्ट लावला आणि घरी भात उरलाय का, असं विचारलं.