नणंदेची शाळा

पाटी पुसताना येणारा ओला वास आला की मला माझी धाकटी नणंद आठवते. पस्तीस सालच्या सुमाराला, नाशिकात असताना माझं अंग जड होत गेलं, वजन वाढलं, घागर उचलवेना आणि बसल्या जागी झोप लागायची. माझी कामं करायला सासूबाईंनी नणंदेची शाळा बंद केली. पुढे डॉक्टरांनी गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंदावल्याचं सांगून गोळ्या दिल्या. अख्ख्या गोळीनं छाती धडधडायची, हात कापायचे. ती अर्धी केल्यावर हळूहळू वजन उतरलं, अंगात बळ आलं. एका सकाळी मी गोदेवरून भरली घागर घेऊन आले. चुलीपुढे बसलेल्या नणंदेचा चेहरा फुलला. "वहिनी, तू बरी झालीस. आता मी शाळेत जाऊ?" सासूबाई म्हणाल्या, "आता कसली शाळा? पाडव्यानंतर लग्न आहे तुझं." तिनं मान खाली घालून भाकरी उलटली. मला बोलायला हवं होतं, पण मी घागर उतरवायला आत वळले. सासरी निघताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "गोळी चुकवू नकोस गं." आजवर मी ती एकदाही चुकवलेली नाही, आणि एकदाही सुखानं गिळलेली नाही.