सोवळ्यातलं दुखणं

राज्याचे दोन भाग झाले आणि थोरल्या भावाचं नाव विजयवाड्याला बदलून जाणाऱ्या सरकारी नोकरांच्या यादीत आलं. भाऊ-वहिनी तिकडे दोन खोल्यांत राहायला गेले. दरवर्षी त्यांच्याकडे बसणाऱ्या महालक्ष्म्या त्यामुळे त्या भाद्रपदात पहिल्यांदाच आमच्या नल्लकुंट्याच्या घरी येणार होत्या. बायकोला याचं किती अप्रूप होतं ते मला उशिरा कळलं. लग्न झाल्यापासून ती धाकटी जाऊ म्हणून भाज्या चिरत आली होती. देवीच्या स्वयंपाकाला चुलीपुढे कधी बसली नव्हती.

तिला मधुमेह आहे. श्रावणात पोट जड वाटतं म्हणाली, म्हणून हिमायतनगरच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. त्यात लायपेज वाढलेलं निघालं. चरबी पचवायला स्वादुपिंड जो रस तयार करतं त्यातला हा एक घटक. स्वादुपिंडाला इजा झाली की तो रक्तात वाढतो, एवढं मी समजून घेतलं. वरची मर्यादा साठ, हिचं एकशे अठ्ठेचाळीस. आमच्या कार्यालयात तेव्हा फायलींपासून खुर्च्यांपर्यंत सगळ्याची दोन राज्यांत वाटणी चालली होती आणि मी दिवसभर आकडेच जुळवत होतो. तरी हा आकडा मी तीनदा वाचला.

डॉक्टर इथलेच, दख्खनी बोलणारे. म्हणाले, "साब, अकेला आकडा कुछ नहीं बोलता. शुगरवालों में थोड़ा बढ़ा हुआ दिखता. दर्द है क्या, वो बोलो." मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "दुखत नाही. जड वाटतं नुसतं."

त्यांनी सोनोग्राफी केली, ती नीट आली. साखर उतरवायची एक गोळी स्वादुपिंडाला त्रास देऊ शकते म्हणून ती बंद केली आणि इन्सुलिन सुरू केलं. तूप-तेल कमी, थोडं थोडं करून खायचं, उपास नाही. आणि एक गोष्ट त्यांनी मला वेगळी समजावली : पोटाच्या वरच्या भागात दुखलं, ते पाठीत गेलं, पुढे वाकल्यावर बरं वाटलं, तर आकड्याची वाट बघायची नाही. त्याच घडीला घेऊन यायचं.

म्हणजे सगळा भार तिच्या शब्दावर आला. आणि ही बाई दुखतंय असं म्हणत नाही. बाळंतपणाच्या कळाही माझ्या आईला स्वयंपाक उरकल्यावर सांगितल्या होत्या, असं वहिनी अजून सांगतात.

दुसऱ्या वेळी लायपेज एकशे एकतीस आलं. "उतरलं ना," ती म्हणाली, "मग आता महालक्ष्म्यांना आडवं येऊ नका."

"जेवण उशिरा होतं. तू तोवर उपाशी राहणार."

"दूध घेईन."

"वहिनींना बसू दे चुलीपुढे."

यावर ती उठून आत गेली. गौलीगुड्याच्या बाजारात सोळा भाज्या आणायला निघालो तेव्हा पिशवी तिने हातात न देता दाराशी ठेवली. मग मी विषय सोडला, पण लक्ष सोडलं नाही.

वहिनी आदल्या दिवशीच मुखवटे घेऊन आल्या होत्या. जेवणाच्या दिवशी त्या बाहेरच्या कामाला राहिल्या : फुलं, आरास, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बघणं. बायको पहाटे न्हाऊन सोवळ्यात शिरली. आमच्याकडे सोवळ्यातल्या बाईला नैवेद्य होईपर्यंत कुणी शिवत नाही. तिनेही बाहेरच्या वस्तूला हात लावायचा नाही. साखर मोजायचं यंत्र, इन्सुलिनचं पेन, दोन्ही ओवळ्यात. हे माझ्या आधी लक्षात आलं नव्हतं. मी यंत्र घेऊन उंबऱ्याशी गेलो तर तिने मान हलवली.

"नैवेद्य झाला की मोजू."

"दूध घेतलंस?"

"घेईन हो."

वहिनी मागून म्हणाल्या, "भावजी, उंबरा झिजेल. इतकी वर्षं मी महालक्ष्म्या जेवू घातल्या, तुमचे दादा एकदा तरी आत डोकावले का?"

मी उंबऱ्याशीच पाट टाकून बसलो. डाळ शिजली, आंबील झाली, भाज्या झाल्या. दुधाचा पेला झाकलेला तसाच होता. दुपार कलली तेव्हा ती पुरण घोटायला बसली. गुडघे पोटाशी घेऊन, पुढे वाकून. पुरण घोटताना कुणीही वाकतंच. पण पातेलं खाली उतरवल्यावरही ती तशीच वाकलेली राहिली.

"दुखतंय का?"

"नाही."

"सरळ बस बघू."

"पोळ्या लाटायच्यात अजून."

"एकदा सरळ बस."

तिने कणकेचं ताट ओढलं. सरळ बसली नाही. मी वहिनींकडे वळलो. "तुम्हाला काय वाटतं?"

वहिनींनी दारात येऊन तिच्याकडे नीट बघितलं. "थकली असेल," त्या म्हणाल्या, पण आवाजात मघाची चेष्टा नव्हती. बाहेरच्या खोलीत सवाष्णी येऊन बसल्या होत्या. शिवलं तर शिजलेलं सगळं बाद, आणि इतक्या वर्षांनी तिच्या वाट्याला आलेला दिवसही बाद. दुखत नसेल तर हे सगळं उगीच. मी हिशेब करत होतो आणि तो कोणत्याही बाजूने सुटत नव्हता.

मी उंबरा ओलांडून आत गेलो आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. लुगडं घामाने पार भिजलं होतं आणि अंग गार लागत होतं.

लाटणं थांबलं. तिने माझ्या हाताकडे पाहिलं, मग पातेल्यांकडे. "हे काय केलंत," ती हळू म्हणाली. मी हात काढला नाही. आता राखायला काही उरलंच नाही अशा सुरात ती म्हणाली, "कालपासून दुखतंय. पाठीत जातंय."

वहिनींनी पदर खोचला. "भावजी, रिक्षा बोलवा. मी न्हाऊन परत चूल मांडते. आणि तू आता एक शब्द बोलू नकोस, बाई. बोलायचं तेव्हा बोलली नाहीस."

दवाखान्यात साखर तीनशेच्या वर निघाली आणि लायपेज हजाराच्या पुढे. स्वादुपिंडाला सूज होती. सलाईन लावलं, तोंडाने काही द्यायचं नाही म्हणाले. दुखायचं थांबवणारं इंजेक्शन दिल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. बरी होईल, वेळेत आणलं, असं डॉक्टर म्हणाले, ते मी तिला ऐकू जाईल असं दोनदा विचारून घेतलं.

दिवे लागल्यावर वहिनींचा फोन आला. तिने खूण केली, म्हणून मी फोन तिच्या कानाशी धरला. आवाज मलाही ऐकू येत होता.

"ताई, जेवल्या का महालक्ष्म्या?" तिने विचारलं.

"जेवल्या. सगळा स्वयंपाक दुसऱ्यांदा केला. सोळा भाज्यांच्या पाच झाल्या."

"काही चुकलं नाही ना?"

"घाईत आंबिलीत मीठ राहिलं. पण त्या काही बोलल्या नाहीत. तुझ्यासारख्याच आहेत, सोसतील पण सांगायच्या नाहीत."

तिला हसू फुटलं. लगेच तिने पोट धरलं आणि दुपारनंतर पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

"अहो, दुखतंय," ती म्हणाली. "नर्सला बोलवा."