पाठ करून बसलेला फौजी

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. एकाहत्तरच्या लढाईनंतर दोनेक वर्षांची गोष्ट. साताऱ्याहून बदली होऊन मी कुंडलच्या बाजूच्या एका ठाण्यात फौजदार म्हणून आलो होतो.

एका सकाळी गावच्या पोलीस पाटलाने वर्दी दिली. एका बागाईतदाराचा तोडणीला आलेला ऊस जळाला होता आणि संशय त्याच्या चुलतभावावर होता. हा चुलतभाऊ तोफखान्यातून निवृत्त होऊन आलेला फौजी.

"लय मगरूर हाय, साहेब," पाटील म्हणाला. "बांधावरनं राम राम घातला तरी वळून बघत न्हाई. आगीच्या दिवशी सारा गाव बोंबलत पळाला, आन् ह्यो दोन शेतं पल्याड पाठ करून हरभरा उपटत बसला हुता!"

भाऊबंदकी म्हटली की पुढचं शोधायचा कंटाळा येतो. मलाही आला. फौजीला चौकशीला आणलं. तो ठाण्यात शिरत असताना मी मागून हाक मारली, तो थांबला नाही. मी पुढे होऊन एक थोबाडीत ठेवून दिली. तो टाचा जुळवून ताठ उभा राहिला.

"ऊस तू पेटवलास?"

"जी साहेब."

"एकट्यानं?"

"जी साहेब."

इतकी सोपी कबुली मला नोकरीत कधी मिळाली नव्हती. पोलिसापुढचा जबाब कोर्टात टिकत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं ठरवलं. तिथेही तो हेच म्हणणार आणि सरळ आत जाणार, याबद्दल मला शंका नव्हती. त्याला ओसरीवर बसवून मी कागद करायला घेतले.

तेवढ्यात बारा वाजले. ओसरीवर लोखंडी टोल टांगलेला असे आणि पहारेकरी दर तासाला तो ठोकत असे. फौजी नेमका त्याच्याखाली बसला होता. रोज ऐकणारा मीसुद्धा पहिल्या ठोक्याला दचकलो. त्याची पापणी हलली नाही. बाराही ठोके पडले, तरी तो समोरच्या भिंतीकडे बघत होता.

पलटणीत लिहायला-वाचायला शिकवतात, हे मला माहीत होतं. मी कागदावर लिहिलं, 'ऐकू येत नाही का?'

वाचून त्याचा चेहरा पडला. "तोफेनं कान गेलं, साहेब. कुनाला सांगू नगा," तो सगळं ठाणं दणाणेल अशा आवाजात म्हणाला. "लेकीची सोयरीक ठरतीया. बाप भैरा म्हनल्यावर पोरगीबी तसलीच निघंल म्हनत्यात."

मग मी आरोप लिहून दाखवला. "मी? भावाचा ऊस? न्हाई, साहेब! मागं वळलो तवा फड जळून गेल्ता. वर्दी दिसली की 'जी साहेब' म्हनायची सवय हाय. तुमी काय इचारताय त्येच कळंना."

जे आधी करायला हवं होतं ते मी दुपारी केलं, जागेवर गेलो. उसाच्या वाऱ्याकडच्या अंगाला मालकाचंच गुऱ्हाळ होतं. गुळाच्या चुलवाणापासून फडापर्यंत उसाची चिपाडं जळत गेल्याची काळी रेघ उमटली होती. "वारं लय हुतं त्या दिशी," मालक खाली बघत म्हणाला.

संध्याकाळी फौजीची बायको भाकरी घेऊन ठाण्यात आली. तिला मी सगळं सांगितलं. ती भाकरी बाजूला ठेवून खाली बसली.

"दोन वरसं झाली, साहेब. हाक मारली तर बघत न्हाईत. मला वाटलं, मन उडालं माज्यावरनं. मग मीबी बोलणं टाकलं." थोड्या वेळाने ती उठली. "मला लिवता येत न्हाई. 'घरी चला' एवडं लिवून द्या."

मी लिहून दिलं. तिने तो कागद स्वतःच्या हाताने त्याच्यापुढे धरला. तो वाचून हुंदके देऊन रडला आणि आम्ही सगळे इकडेतिकडे बघत राहिलो.

पुढे कितीतरी तपास केले. कोणी गप्प राहिला, किंवा फार चटकन हो म्हणाला, की मी आधी त्याच्या समोर जाऊन बसत असे आणि माझा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचला का ते बघत असे. एवढं मी शिकलो. पण त्या फौजीची माफी मी मागितली नाही. त्याच कागदाच्या पाठीवर दोन शब्द लिहायला जागा होती. आपण फौजदार आहोत, असं मनात आलं आणि मी पेन्सिल खिशात ठेवून दिली.