पठाण सरांचं लिनक्स

लातूरच्या कोचिंग क्लासमध्ये दोन लेक्चरच्या मधे दहा मिनिटं मिळतात. तेवढ्यात किस्सा कधी पुरा होत नाही, म्हणून स्टाफरूममध्ये अर्धेमुर्धे किस्से साठत जातात. आमच्याकडे जास्त साठले ते केमिस्ट्रीच्या पठाण सरांचे. वय चाळीस, रिपीटर बॅचचे, म्हणजे परीक्षा पुन्हा देणाऱ्या पोरांचे, लाडके, आणि घरी गेमिंगचा कंप्युटर!

*

त्या कंप्युटरला नव्या सिस्टीमनं 'अपात्र' ठरवलं. मी म्हणालो, "नवा घ्या की, सर."

"एकदा नापास झाला म्हणून टाकून द्यायचा? मग आपण इथं रोज काय करून राहिलो?"

आणि त्यांनी त्यात लिनक्स ही दुसरी सिस्टीम घालायचं ठरवलं. फुकट, आणि आत काय आहे ते कुणीही उघडून बघावं असं.

*

लिनक्स घालताना सरांनी अख्खी डिस्क पुसली. तीन वर्षांच्या टेस्टचे प्रश्न गेले! संचालकांनी डोक्याला हात लावला. सर मात्र वही काढून पुन्हा लिहायला बसले.

आठवड्यानं वही माझ्यापुढं सरकवली. "निम्मेच आठवले. पण लक्षात राहण्याजोगे तेवढेच होते!"

*

गेम काही चालेना. सरांनी लिनक्सवाल्यांच्या फोरमवर मदत मागितली. कुठल्याशा देशातून एका ओळीचं उत्तर आलं: "आधी वाचून या."

बारा वर्षं पोरांना सर हेच म्हणत आले होते. संध्याकाळच्या बॅचला निलंग्याच्या एका मुलीनं अगदी सोपी शंका विचारली. सर तिच्या बाकावर जाऊन बसले. "चल, संगंच वाचू."

*

सरांच्या अम्मींनी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावताना पाहिली आणि शेजारणीला सांगून आल्या, "गेम सोडला बाई त्यानं. आता अभ्यास करून राहिला!"

"खरं सांगितलं का मग?" मी विचारलं.

"लई खूश होती हो. कसं सांगू?"

*

तो गेम ठोकळ्यांनी घरं बांधायचा. डिस्क पुसण्याआधी सरांनी त्याची एवढी एकच फाईल पेनड्राइव्हवर काढून ठेवली होती. त्यात त्यांचं जुनं गाव होतं, भूकंपात दगडमातीच्या भिंतींखाली गेलेलं. सर तेव्हा नऊ वर्षांचे. आठवतील तशा गल्ल्या त्यांनी मांडल्या होत्या. अम्मींना कधी दाखवलं नव्हतं.

एका रविवारी सकाळी गेम चालला. मी तिथंच होतो. सरांनी अम्मींना खुर्चीवर बसवलं आणि गावातून हिंडवून आणलं. मशीद, चावडी, आड, शेवटी त्यांचं घर. अम्मी चष्मा पुसून पुसून बघत होत्या.

"बरोबर हाय का, अम्मी?"

"हाव. बरोबर हाय." मग पडद्यावर बोट टेकवून म्हणाल्या, "पण भिंती दगडाच्या ठेवू नको, बेटा. पत्रे लाव. आपल्या एकट्याच्या घराला न्हाई, सगळ्यांच्या."

सरांनी माऊस हातात घेतला आणि गल्लीतल्या पहिल्या घराचा पहिला दगड काढला.