कव्हरवरचा आकडा

छापलेल्या आकड्यावर विश्वास न ठेवणारा आमच्या चाचांसारखा माणूस अख्ख्या मराठवाड्यात शोधून सापडायचा नाही. चाचा म्हणजे माझे नात्याचे कोणी नव्हेत. नांदेडला जुन्या मोंढ्यामागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. टॉर्च, फवारणीचे पंप, सुतारांची ड्रिल मशीन, बॅटरीवर चालणारं काहीही तिथं दुरुस्त व्हायचं. शाळेत शिकवून परत येताना मी त्याच गल्लीच्या तोंडाशी उतरायचो, एवढीच ओळख. लग्नपत्रिकेवर अकरा पस्तीसचा मुहूर्त दिसला की चाचा घरून जेवून निघायचे. साखरेचा किलोचा पुडा आधी काट्यावर चढायचा, मग स्वयंपाकघरात जायचा. माझ्या पुतणीला स्थळ आलं तेव्हा मी मुलाचं शिक्षण, पगार, प्लॉट असं सगळं कौतुकानं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे झालं कव्हरवरचं. लोड टाकल्यावर किती देतो?"

हा सगळा संशय त्यांना सेलांनी शिकवला होता. बोटाएवढे, पुन्हा पुन्हा चार्ज होणारे लिथियमचे सेल हा चाचांचा जीव की प्राण. सेलावरच्या रंगीत प्लॅस्टिकवर काय वाट्टेल तो आकडा छापतात, असं ते सांगायचे. म्हणून कोणताही सेल आला की पहिल्यांदा सोनाराच्या काट्यावर जायचा. हलका भरला की बाद. कव्हर नखाएवढं जरी फाटलेलं असलं तरी बाद. उरलेल्यांना ते मोटारीचा जुना दिवा जोडून तास-दीड तास पेटता ठेवायचे, आणि मग आई लेकराचा ताप बघते तसा सेल गालाला लावून डोळे मिटून बसायचे. गिऱ्हाईक घाईत असलं तर त्यानं जावं. धर्माबादहून आलेल्या एका शेतकऱ्यानं विकत घेतलेले सेल किल्ल्या आणि सुट्ट्या नाण्यांच्या खिशात टाकले, तर चाचांनी भर दुकानात त्याचा खिसा उलटा करायला लावला. किल्लीनं दोन टोकं जुळली तर धोतर पेटंल, म्हणाले. त्याला साबणाची प्लॅस्टिकची डबी दिली आणि सेल त्यात घालूनच वाटेला लावलं. असल्या डब्यांची त्यांच्याकडे चळतच असायची.

या माणसाच्या तावडीत मी सापडलो तो माझ्या सिगारेटींमुळे. छातीच्या डॉक्टरांनी फोटो बघून स्पष्ट सांगितलं होतं, आता सोडा नाहीतर लेकीचं लग्न बघायचं विसरा. मुरुडला माझे वडील विडीपायी धापा टाकत गेले, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं. तरी मी ओढतच होतो, असला निगरगट्ट. बायकोपुढं शपथा घेऊन झाल्या होत्या आणि मोडूनही झाल्या होत्या. तेवढ्यात आखातात नोकरीला असलेल्या भाच्यानं सिगारेटऐवजी वाफ ओढायचं एक दांडगं यंत्र आणून दिलं. असल्या यंत्रांवर पुढं बंदी आली, ही त्याआधीची गोष्ट. दसऱ्याच्या दिवशी मी जाहीर केलं की आजपासून सिगारेट बंद, फक्त वाफ. बायको म्हणाली, ही शेवटची शपथ, यापुढं मला सांगूच नका. यंत्रात दोन सेल लागत होते आणि भाच्यानं ते आणले नव्हते. त्याच संध्याकाळी मी चाचांकडे गेलो.

त्यांनी यंत्र उघडून बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. हे लई खादाड हाय, म्हणाले. एका दमात भसाभस वीज ओढणार. याला मोठी टाकी नको, रुंद तोटी पाहिजे. वर दोन्ही सेल एका घाण्याचे, एका वयाचे, बरोबरच चार्ज झालेले हवेत. उद्या या.

दुसऱ्या दिवशी गेलो, तर जोडी जमली नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी एक सेल तापला. मी चिडून हैदराबादहून सेल मागवले. त्यावर भलामोठा आकडा होता. चाचांनी काट्यावर ठेवले आणि हसले, याच्यात निम्मी हवा हाय. प्रशिक्षणाला लातूरला गेलो तेव्हा तिथून महागाचे आणले. टाकी मोठी, तोटी बारीक, म्हणून तेही बाद. दिवाळी गेली, संक्रांत गेली. रोज सहा ते आठ मी तिथल्या लोखंडी स्टुलावर. माझ्या सिगारेटींची खरी वेळ तीच, पण सेलांजवळ विस्तव चालायचा नाही. त्यात चाचांची नजर कमी झाली होती, म्हणून वीज मोजायच्या मीटरवरचे आकडे मी मोठ्यानं वाचायचे आणि त्यांनी "पुन्हा वाचा" म्हणायचं. मधून कोरा चहा. एखाद्या दिवशी शाळेमागं चोरून एक ओढून गेलो, की नेमका त्या दिवशी चाचा सेल गालाला लावून फार वेळ गप्प बसायचे आणि म्हणायचे, "आज न्हाई जमलं, गुरुजी." मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घालायचो. म्हाताऱ्याला सेल ओळखता येत नाहीत, अशी माझी खात्रीच पटली होती.

होळीच्या सुमाराला एका संध्याकाळी घरी पोचलो आणि लक्षात आलं, आज आपण सेलांचं विचारलंच नाही. सिगारेटही आठवली नव्हती. यंत्र कपाटात पडून राहिलं. लेकीचं लग्न झालं, मी स्वतः पंगतीत वाढलं. सहा ते आठ मात्र चालूच राहिले, पार चाचांची नजर पुरती जाऊन लेकीनं त्यांना लातूरला नेईपर्यंत.

गेल्या महिन्यात दुकान रिकामं झालं. शेजारच्या सायकलवाल्यानं मला एक साबणाची डबी आणून दिली. वर माझं नाव. आत दोन सेल आणि चाचांच्या अक्षरात चिठ्ठी, "जोडी. पास." खाली तारीख होती. त्याच दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची. ती तारीख मी सायकलवाल्याकडून पुन्हा वाचून घेतली.

रविवारी लातूर गाठलं. चाचा पलंगावर बसले होते, आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. डबी हातात दिली, तर त्यांनी सेल काढून सवयीनं गालाला लावला. मी विचारलं, चाचा, हे काय केलंत?

"सेल दुसऱ्याच दिवशी पास झाले व्हते, गुरुजी. नापास तुमी व्हत व्हते."

मग मी पास कधी झालो, असं विचारलं. ज्या दिवशी विचारायचं विसरलात त्या दिवशी, म्हणाले. मग तेव्हाच सांगून टाकायचं की, मी म्हटलं. चाचांनी सेल चाचपत डबीत परत ठेवला.

"सांगितलं असतं तर मीटर कोन वाचलं असतं?"

माझे डोळे भरून आले. त्यांना दिसणार नव्हतं, म्हणून मीही पुसायची घाई केली नाही. खिडकीत त्यांचं जुनं मीटर होतं. मी टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढले, मीटर लावलं आणि आकडा मोठ्यानं वाचला.

"पुन्हा वाचा," चाचा म्हणाले.

मी पुन्हा वाचला. नांदेडच्या गाडीला अजून वेळ होता.